सुख शिकवणारी अक्का

यजमानांचा फोन आला तेव्हा मी कलबुर्गीहून कडगंचीकडे जाणाऱ्या बसमध्ये होते, मी शिकवते त्या शाळेच्या वाटेवर. "मालू, अक्का गेली," ते म्हणाले. "पहाटे, झोपेतच."  खिडकीबाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर फुललेली होती. कोवळ्या उन्हात सगळीकडे नुसता पिवळा धूसरपणा, आणि बस त्यातून तरंगत चालल्यासारखी... मला ते फार सुंदर वाटलं. नणंद गेल्याची बातमी कानात ताजी असताना सुंदर वाटलं, म्हणून मी दचकले आणि नजर खाली वळवली. मग वाटलं, अक्कांना हे पटलं नसतं. "चांगलं वाटलं ते कामून लपवायलीस?" असं त्यांनी विचारलं असतं, अगदी शांतपणे, चष्मा पुसत.

विमलअक्का ही दिगंबरांची, म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. औरादजवळच्या शेतकरी घरातली ही मुलगी शिकत शिकत बीदरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागली. लग्न केलं नाही. तिथल्याच मैलूर भागातल्या छोट्या घरात एकट्या राहायच्या आणि वर्गात मराठी, कन्नड, दखनी उर्दू, समोर जो असेल त्याच्या भाषेत नीतिशास्त्र समजावून सांगायच्या. त्यांचा जीव होता सुखवादावर. सुख हेच जर माणसाचं खरं हित असेल, तर चांगलं वागायचं ते कशासाठी आणि कुणाच्या सुखासाठी, हा प्रश्न त्या आयुष्यभर उलटूनपालटून पाहत राहिल्या. सुखवाद म्हटलं की पोरं गालातल्या गालात हसायची. मग अक्का त्यांना डोळे मिटायला लावायच्या आणि विचारायच्या, आज सकाळपासून तुम्हाला काय बरं वाटलं? एकदा एक मुलगी म्हणाली, न्हाल्यावर ओल्या केसांतलं पाणी पाठीवरून ओघळलं ते. वर्ग खिदळला. अक्का हसल्या नाहीत. "आता हे तुझ्याकडून कुणी काढून घेतलं तर?" त्यांनी विचारलं.  कुणाच्या तरी वडिलांनी तक्रार केली, प्राचार्यांनी बोलावून घेतलं, "बाई, असलं कामून शिकवायलाव?" म्हणाले. अक्का म्हणाल्या, "सर, ज्याला स्वतःचं सुख ओळखता येत न्हाई, त्याला दुसऱ्याचं हिरावताना काय हिरावलं ते कळत न्हाई. नीतीची सुरुवात तिथूनच हाय." प्राचार्यांनी चहा मागवला, आणि विषय तिथंच राहिला.

हे त्यांना पुस्तकांतून सुचलं असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पण ते घरातून आलेलं होतं. त्यांचे वडील, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो, फार कडक माणूस. उन्हातान्हात राबायचे, घोंगडीवर झोपायचे, गोडाला हात लावायचे नाहीत. सुखानं माणूस नासतो, हे त्यांचं ठाम मत. स्वतः तर त्यांनी काही घेतलं नाहीच, पण बायकोलाही घेऊ दिलं नाही. वाईट नव्हते ते. त्यांनी कधी हात उगारला नाही, घरात कुणाला उपाशी ठेवलं नाही... फक्त घरात कुणी जरा टेकलं, हसलं, रेंगाळलं, की त्यांची नजर फिरायची. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलं ते फोटोत, ताठ उभ्या.

म्हातारपणी अप्पांच्या एका अंगावरून वारं गेलं आणि अक्कांनी त्यांना मैलूरला आणलं. तिथंही तेच. गादी नको, दुधात साखर नको. दिगंबर एकदा म्हणाले, "अक्का, गुपचूप गूळ घालू की. त्यांना कळणार पण न्हाई." अक्कांनी मान हलवली. "कळणार न्हाई म्हणूनच नको. सुख त्यांचं त्यांनी घ्यायला पायजे. आपण फसवून दिलं तर ते आपलंच समाधान झालं." त्या रोज कोमट तेलानं त्यांचे पाय चोळायच्या. मी सुट्टीत गेले होते, दाराशी भाजी निवडत बसले होते, तेव्हा अप्पा एकाएकी म्हणाले, "पुरे कर. लई बरं वाटायलंय."

"बरं वाटायलंय म्हणून पुरे?" अक्कांनी विचारलं.

अप्पा आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईनं असलं कधी काही मागितलं न्हाई."

"मागितलं होतं, अप्पा." अक्कांचे हात थांबले नाहीत. "माहेराहून परत येताना. मांजरेच्या काठाला गाडी आली तेव्हा ती म्हणाली, जरा थांबवा, पाण्यात पाय सोडून बसते. तुम्ही म्हणालाव, कामं पडलीत. आन् बैलं हाकलीत. मी गाडीतच होते."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्कांना हाक मारली आणि नदीवर न्यायला सांगितलं.

दिगंबरांनी जीप ठरवली. हिवाळ्यातली मांजरा, पाणी संथ, पलीकडचा काठ धुक्यात विरघळलेला. एक टिटवी ओरडत गेली, नंतर कसलाच आवाज नाही. आम्ही अप्पांना काठावरच्या खडकावर टेकवलं आणि अक्कांनी त्यांचे दोन्ही पाय पाण्यात सोडले. पाणी त्यांच्या घोट्यांभोवती फिरत होतं. ज्या पायाची जाणीव गेली होती तो नुसता हलत होता, दुसऱ्याची बोटं मात्र हळूहळू पसरली... लहान मुलाची पसरावीत तशी. "गार हाय," अप्पा म्हणाले.  ऊन वर आलं, धुकं गेलं, पलीकडची ज्वारी दिसायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "तिला बसू द्यायला पायजे होतं."  अक्कांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं, आणि मग स्वतःचं.

त्यानंतरही अप्पा बरेच दिवस होते. गादी त्यांनी घेतली, साखर नाही घेतली. ते गेल्यावर मी अक्कांना विचारलं होतं, सगळं सुखासाठीच करायचं असेल तर एवढी वर्षं त्यांचं सगळं काढलंत, त्यात तुम्हाला सुख होतं? त्या खोटं बोलल्या नाहीत. "रोज न्हाई. पुष्कळदा तर राग यायचा. आईचं आठवायचं. तरी केलं. ते कशापायी केलं, हे माझ्या सुखवादात बसत न्हाई, मालू. मी लई बसवून बघितलं." असं म्हणताना त्या खट्टू दिसल्या नाहीत. उलट प्रश्न शिल्लक राहिल्याचा त्यांना आनंदच झाला असावा.

मग त्यांच्याच घशाला दुखणं लागलं. गिळता येईना. चवीनं जेवणारी बाई नळीतून पातळ अन्न घेऊन जगत होती. शेवटचं भेटले तेव्हा पिकलेला पेरू हातात धरून त्याचा वास घेत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. एवढ्या दुखण्यापुढं एवढंसं सुख काय कामाचं, असं मी बोलून गेले. त्या थांबत थांबत, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "दुखणं मला आत ओढतंय. सगळं जग माझ्या गळ्याएवढं व्हायलंय. ह्याचा वास आला की पुन्हा बाहेरचं दिसतं. तू दिसतीस. दमून आलीस, चहा घेतला न्हाईस, ते दिसतं." आणि मला चहा करायला लावला. मी पिताना त्या माझ्याकडं बघत राहिल्या, जणू घोट त्यांच्याच घशातून उतरत होता.

मागच्या रविवारी आम्ही त्यांचं घर आवरायला गेलो. दिगंबर अप्पांवर गेलेत, त्यांना बसवत नाही. दुपारपर्यंत पुस्तकांची खोकी बांधून झाली, भांडी वाटून झाली. राहिली ती मागच्या खोलीतली वेताची खुर्ची, पश्चिमेच्या खिडकीशी. जेवणानंतर तासभर अक्का तिथं काहीही न करता बसायच्या. त्या वेळी फोन आला तरी उचलायच्या नाहीत. वेत बसून बसून खोलगट झालेला. दिगंबर ती उचलायला गेले आणि का कोण जाणे, तिच्यात बसले. खिडकीतून लाल मातीचा उतार दिसत होता, त्यावर वाळलेलं गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं, पुन्हा उठत होतं. मी कुलूप घेऊन दारात उभी राहिले.

"निघू या का? उजेड आहे तोवर पोचू," मी म्हटलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "वारा चांगला सुटलाय."

मी कुलूप कट्ट्यावर ठेवलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.