वाकळेचा घास

तासगावच्या स्टँडवर कवठे महांकाळच्या एसटीची वाट बघत मी क्रोशाचा रुमाल विणत होते. शाळेतली नोकरी नवी, पहिल्या पगाराचा रेडिओ नवा, त्याच्यावर घालायला रुमाल हवाच होता. शेजारी एक म्हातारी नव्या नातवासाठी शिवलेल्या इवल्याशा वाकळेचा शेवटचा कोपरा टाके घालून मिटवत होती. जुन्या लुगड्यांचेच तुकडे, पण टाके ज्वारीच्या दाण्यांसारखे एकसारखे. मध्येच तिनं माझा रुमाल उजेडाकडे धरला आणि खुदकन हसली.

"लय देखणा हाय गं. पर ह्यातनं वारं किती येतंय!"

एसटी आली. म्हातारीनं पायरीवर पाय ठेवला आणि थबकली.

"आगं बया! घास ठिवायचा ऱ्हायला की!"

तिथंच पायरीवर बसून ती घातलेले टाके दातांनी उसवू लागली. वाकळ मिटताना कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवतात. उपाशी वाकळ ऊब देत नाही म्हणे. तिची भाकरी वाटेतच संपली होती. मी डबा उघडून तुकडा दिला.

कंडक्टर वैतागला. "आवं मावशी, गाडीचा टाइम झाला! आन् भाकरीला मुंग्या लागतील की!"

"लागूं द्यात," सुई ओवत ती म्हणाली, "त्यास्नी बी लेकरं हायत."

सगळी एसटी हसली. कंडक्टरनं तिकिटांची पेटी काखेत मारली आणि वाकळेचं टोक ताणून धरलं.

तो रेडिओ कधीच मोडीत गेला. रुमाल आहे. इतका नाजूक, की घास ठेवावा असा एक कोपरा त्यात सापडत नाही.