सुलाबाईच्या फोनातली लग्नाची पिशवी

पाटण तालुक्यातली निम्मी लग्नं आपणच जमवली, असं मनुबाई म्हणायची. आणि उरलेल्यांतली जी मोडली ती आपलं न ऐकल्यामुळं, हेही तीच म्हणायची. पण हल्ली एका गोष्टीनं तिचं टाळकं सटकलं होतं. मुलीकडनं सगळं मागायचं, म्हणजे फोटो, उंची, शिक्षण, मामाचं गाव, चष्मा हाय का. आणि मुलाकडनं काय? तर "पोरगं आमचं लय साधं हाय!" संपला बायोडेटा.

"साधा तर बैलबी असतोय," मनुबाई म्हणायची. "पर घेताना दात बघतोच की आपण!"

म्हणून फोटो-बायोडेटा देवघेवीचं फोनातलं एक अ‍ॅप तिला मनापासून पटलं. कोयनानगरच्या वरच्या वाड्यांत रेंजचा पत्ता नसतो, आणि ह्या अ‍ॅपला रेंज लागतच नाही. दोन फोन पाठीला पाठ लावून धरायचे, दोघांनी 'हो' दाबायचं, की इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं. एकटा कुणी दाबत बसला तर काही हलत नाही.

एका रविवारी अशाच एका वाडीत तिच्या बहिणीच्या लेकीला, नर्सिंग झालेल्या प्रांजलला, बघायला सांगलीकडची पाव्हणेमंडळी आली. नवरामुलगा शंभूराज पोहे खाऊन रेंज शोधायला अंगणात गेला. त्याची आई सुलाबाई सोप्यात ऐसपैस बसली होती. ती नाकातून बोलायची आणि प्रत्येक वाक्याला शेपूट फुटायचं.

"फोटो तेवढा द्याऽऽ."

"देते की. तुमचंबी येऊ द्या."

"आमचं काय बघायचंऽऽ?"

"त्येच तर बघायचं हाय," मनुबाईनं फोन पुढं केला.

सुलाबाईनं ठसक्यात आपला काढला. लग्नाचं सगळं, पत्रिका, फोटो, हळकुंड, एकाच पिशवीत ठेवायची त्यांच्या घरची रीत. फोनातही तिनं 'शंभूचं लग्न' अशी एकच पिशवी केली होती. त्यातला बायोडेटा निवडायचा सोडून तिनं अख्खी पिशवीच दाबली. फोन टेकले.

शंभूराजचा फोटो आला, पत्रिका आली. मग मुलींचे फोटो यायला लागले ते थांबेचनात. सुलाबाईनं आजवर बघितलेल्या सगळ्या! शेवटी आवाजाच्या फायली आल्या. मनुबाईचं बोट एकीवर पडलं आणि सोपाभर सुलाबाई घुमली. पोरगी बघून आली, की फलटणच्या बहिणीला धाडायला ती असं बोलून ठेवायची.

"आक्काऽऽ, कऱ्हाडची ती अंकिता बघितलीऽऽ. हसली की निस्त्या हिरड्याच दिसत्यातऽऽ. न्हाई म्हणून कळवायचं न्हाई. बरी मिळंस्तवर लटकू दीऽऽ."

अंकिता! ते स्थळ मनुबाईनंच दाखवलं होतं. तिची आई दिवाळीपासून विचारत होती, "काय म्हणत्यात ओ पाव्हणं?" आणि मनुबाई दर वेळी सांगत होती, "विचार चाललाय."

"बंद कराऽऽ! लोकांचं खाजगी ऐकताय व्हय?" सुलाबाई ओरडली.

"खाजगी?" मनुबाईच्या कपाळाची शीर उडायला लागली. "परक्याच्या लेकीच्या हिरड्या फलटणला धाडल्या, तवा न्हवतं व्हय खाजगी? आवं, मी पोरींना सांगते, हस गं, फोटो चांगला येतोय! आन् तुमी त्यास्नी दोरीवर वाळत घालताय?"

आरडाओरडा ऐकून शंभूराज आत धावला. प्रांजल चहा घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"मावशी, माझा फोटो गेला तिकडं?"

"गेला."

"काढायला लाव. माझा, आणि त्या सगळ्यांचे."

मनुबाईनं उंबऱ्यात ठाण मांडलं. शंभूराज मान खाली घालून आईच्या फोनातला एकेक फोटो पुसू लागला, आणि ती प्रत्येक वेळी फोनात डोकावायची. "हां. फुडली."

"आता माझं बोलणं पुसाऽऽ," सुलाबाई फणकारली.

"पुसते. तुमच्यासाठी न्हवं. त्या पोरीच्या कानावर असलं काय जाऊ ने म्हणून." तिनं आपल्या फोनात आलेलं सगळं खरंच पुसलं. "पर अंकिताच्या आईला आजच जाऊन सांगणार, की तुमच्याकडनं मीच नकार दिला. आन् प्रांजलचाबी नकार घेऊन जावा सोबत."

प्रांजलनं मान डोलवली. चहा तसाच राहिला.

दुपारच्या यष्टीत मनुबाई खिडकीशी बसून हातवारे करत पुटपुटत होती.

"मावशी, कुणावर तापलाय एवढं?" कंडक्टरनं विचारलं.

"पाव्हण्यांवर," ती म्हणाली. "एक कऱ्हाड दे."