माकडटोपीतली बाटली

पुण्यात कॉम्प्युटरवाल्यांचे दिवस आले आणि हडपसरच्या एका कंपनीने मलाही नोकरी देऊ केली. अट एकच. त्यांचं गिऱ्हाईक अमेरिकन, आणि त्याचं म्हणणं असं, की माणूस घेण्याआधी तो नशापाणी करत नाही ना, हे लघवी तपासून बघा. पास झालो तर नोकरी, नाहीतर आणखी एक वर्ष घरी बसून बाबांच्या आधी पेपर वाचायचा.

"तू गर्द घेतोस असं त्यांना वाटलंच कसं?" आई म्हणाली. "मुलाखतीला दाढी करून गेला नव्हतास का?"

"त्याला सुपारी लागते," बाबा पेपराआडून म्हणाले. "गर्द कसला झेपतोय."

लघवी तपासायची कशी, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. बाबांना साखर. दर महिन्याला सकाळची पहिली लघवी, खोकल्याच्या औषधाच्या उकळून घेतलेल्या बाटलीतून, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये जायची. माझी तपासणी नेमकी त्यांच्याच दिवशी आली. मग मीही पहाटे उठून तसलीच एक बाटली भरली, आत काही शिल्लक न ठेवता. नावाची चिठ्ठी लाव, असं आई म्हणत होती. न्हाणीघराबाहेरच्या फळीवर दोनच तर बाटल्या, डावी माझी, उजवी बाबांची, चिठ्ठी कशाला, असं मी इंजिनिअरच्या थाटात तिला समजावलं आणि अंघोळीला गेलो.

थंडीचे दिवस होते. "गार पडली तर बिघडेल," म्हणत आईने डावी बाटली बाबांच्या माकडटोपीत गुंडाळली, शेजारी शेकायची गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि वर पंचा बांधला. ते गाठोडं डिकीत घालून, खड्डे चुकवत मी हडपसरच्या लॅबमध्ये पोचलो आणि टेबलावर ठेवलं. पलीकडे अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमधले एक गृहस्थ बसले होते.

"हे काय आणलंत?"

"सकाळची पहिली."

"आम्ही इथे आमच्या देखत घेतो. घरून डबा आणायची पद्धत नाही." त्यांनी टोपी सोडून बाटली हातात घेतली. "आणि ही गरम कशी?"

"आईने शेकायच्या पिशवीजवळ ठेवली होती."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, नशा करणारे दुसऱ्याची चांगली लघवी आणतात, आणि आत्ताची वाटावी म्हणून गरम ठेवतात. अधूनमधून येतात असे. पण ते पँटमध्ये लपवून आणतात. टेबलावर ठेवणारे आपण पहिलेच."

"ही माझीच आहे," मी म्हणालो. "हवं तर तपासा."

हे बोलायची काहीच गरज नव्हती. त्यांनी एक पट्टी बुडवली. निळी पट्टी हिरवी झाली, मग तपकिरी.

"साखर आहे आपल्याला?"

"छे."

"मग हिला कशी?"

मी अंघोळीला गेल्यावर आई न्हाणीघराबाहेरची ती फळी पुसते, रोज पुसते, आणि पुसताना त्यावरच्या वस्तू उचलून परत ठेवते, हे मला तेव्हा आठवलं.

"वडिलांची असणार," मी म्हणालो.

"म्हणजे वडिलांनी दिली."

"चुकून."

"आणि आईने गरम केली."

"हो."

"एकोपा आहे घरात," ते म्हणाले आणि त्यांनी कंपनीचा फोन नंबर शोधायला घेतला.

मी हात जोडले. आत्ता, त्यांच्यासमोर देतो म्हणालो. त्यांनी कप दिला, बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले, आणि पहाटे मी काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं हे उघडकीला आलं. तांब्याभर पाणी प्यायलो. समोरच्या गाड्यावर दोन चहा, वर उसाचा रस. पोटाचा माठ झाला, पण दारातल्या स्वेटरकडे लक्ष गेलं की सगळं आत गोठायचं. शेवटी त्यांनीच नळ बारीक सोडला. "भिंतीकडे बघा. या नळावर मोठेमोठे मॅनेजर पास झालेत."

मीही झालो. निघताना मी घाबरत विचारलं, "बाटलीचं कळवणार का?"

"काय कळवू? माकडटोपी, आई, शेकायची पिशवी? वाचणाऱ्याला वाटेल, मीच काहीतरी घेतलंय."

त्यांनी कळवलं नाही आणि आठवड्याने मला नोकरी लागली. पण त्या दुपारी मी ती टोपी घेऊन घरी आलो, तेव्हा बाबा जेवायला बसले होते. पानाशेजारी कोपऱ्यावरच्या लॅबचा रिपोर्ट होता: साखर अजिबात नाही. पुढ्यात बासुंदीची वाटी होती, आणि तिच्या कडा बघता ती पहिली नसावी.

"बाबा, थांबा. तो रिपोर्ट माझा आहे."

आईने कपाळाला हात लावला. बाबांनी चमच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, मग तळातली साय खरवडून घेत तिला म्हणाले, "वाटी संपल्यावर सांगावं, एवढं याला समजत नाही. आणि याला अमेरिकेची माणसं कामावर घेणार."