गजेंद्रमोक्षातल्या मगरीचे पाय

आमच्या काळाचौकीच्या गणेशोत्सव मंडळाकडे फायबरची एक बारा फुटी मगर होती. गजेंद्रमोक्षाच्या देखाव्यात मोटर सुरू झाली की ती हत्तीचा पाय जबड्यात धरून गदागदा हलवायची आणि पुढे बसलेली पोरं रडायची. मंडळाचे हलते देखावे बाबा करतात, नोकरी सांभाळून. त्या वर्षी त्यांनी मला विषय विचारला. मी भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते. मंडपात मी सहसा कडेला उभी राहायचे. इंग्रजी शाळेतली म्हणून कार्यकर्ते माझ्याशी उगाच सावकाश मराठी बोलायचे. पण त्या दिवशी मी बोलले. डायनासोरांच्या काळात मगरीचे काही नातलग समुद्रातच राहत. तेव्हाही त्सुनामी येत, आणि लाट ओसरली की किनाऱ्यावर चिरडलेल्या हाडांचा आणि शिंपल्यांचा चिखल उरे. सगळे ऐकत होते.

ठरलं. लाट येणार, किनारा फोडणार, त्यात आमची मगर खडकांवर आपटत राहणार.

लाट उभी राहिल्यावर एका रविवारी दुपारी मी बाबांना म्हटलं, हिला हे पाय चालणार नाहीत, त्या प्राण्यांचे पाय वल्ह्यांसारखे होते. बाबा जरा थांबले. म्हणाले, "नक्की?" मी हो म्हटलं, थोडं तोऱ्यातच. त्यांनी ग्राइंडर लावला. चौथा पाय पडेपर्यंत मंडपात पांढरी धूळ आणि जळका वास भरला होता.

पाच वाजता मंडळाचे अध्यक्ष आले. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, मी त्यांना काका म्हणते. जमिनीवर पडलेले पाय त्यांनी पाहिले आणि काही न विचारता बाबांच्या थोबाडीत मारली. बाबा मागच्या बांबूवर आपटले. मग ठोसा ओठावर बसला, शर्टवर रक्त आलं.

"माझ्या भावाने केले होते ते," काका म्हणाले. "एवढंच राहिलं होतं त्याचं."

मला हे माहीत नव्हतं. बाबांना होतं. काकांचा भाऊ करोनात गेला होता. मगर बाबांची, पण पाय त्याने घडवले होते, एकेक नख वेगळं.

बाबा हात न उचलता मार खात होते. चूक झाली, एवढंच पुटपुटत होते. काकांनी त्यांची कॉलर धरली तेव्हा मी म्हटलं, "काका, मी सांगितलं कापायला." आवाज इतका बारीक निघाला की परत म्हणावं लागलं.

काकांचा हात वरच राहिला. ते माझ्याकडे वळले. मुलीवर हात उगारता येत नव्हता. त्यांनी लोखंडी पाइप उचलला आणि आमची लाट फोडली, पार सांगाडा दिसेपर्यंत. मग चारही पाय गोणीत भरून ते निघून गेले.

दवाखान्यात ओठाला टाके पडले. बाहेर आल्यावर बाबा जेमतेम बोलू शकत होते. "कशाला बोललीस? अजून दोन ठोसे मारून रडला असता तो. मग आम्ही चहा प्यायलो असतो."

लाट आम्ही पुन्हा उभी केली. मगरीला वल्ही लागली, अगदी शास्त्राप्रमाणे. काका रोज आरतीला आले आणि देखाव्याकडे पाठ करून उभे राहिले. बाबांशी ते अजूनही बोलत नाहीत. मी भेटले की मात्र विचारतात, अभ्यास कसा चाललाय.