बाळंतिणीच्या खोलीचा रंग

पहिलटकरीण म्हणून मी इंदापूरहून जळोचीला माहेरी आले, तेव्हा मागच्या खोलीचा रंग ठरत होता. दवाखान्यातून बाळाला घेऊन मला तिथंच राहायचं होतं. शिवाय बारशाला माझी सासरची मंडळी येणार, म्हणून तात्यांना, माझ्या वडिलांना, खोली झकास हवी होती. त्यांनी मागच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारून ठेवले होते, एक फिका पिवळा डिस्टेंपर आणि एक गडद हिरवा ऑइलपेंट. मला पिवळा आवडला. हिरव्यानं खोली विहिरीसारखी वाटायची.

आठवडाभरात पिवळ्यावर खालून डाग चढले, पोपडे सुटले. हिरवा मात्र तुकतुकीत. झालं, घरादारानं हिरव्याला कौल दिला. भिंत विटांची, पण मातीत बांधलेली, पलीकडे लागूनच ऊस, आणि कालव्याची पाळी आली की पाणी थेट भिंतीच्या बुडाशी. मी तात्यांना म्हटलं, "भिंत एकच हाय. ओल हिरव्याच्या मागंबी आसंल."

"दिसती का कुठं? न्हाय ना? मग न्हाय."

भिंतीलगतचा ऊस तरी काढा, असं आईनं सुचवून पाहिलं. पण उभ्या उसाला हात लावायचा म्हणजे तात्यांच्या जिवावर यायचं.

मुलगी झाली. माझी बाज त्याच भिंतीला लागून होती. एक दिवस लेकीच्या उशाशी रंग पुरीसारखा फुगलेला दिसला. बोटानं दाबला तर आत गार पाणी हललं. तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागेना.

कालव्याच्या पाळीच्या दिवशी दुपारी पलीकडून पाण्याची खळखळ ऐकू आली. मी लेकीला उचललं आणि सरळ ओसरीवर आले. सोयर फिटायच्या आत बाळंतीण खोलीबाहेर आली म्हणून आई कावली. तात्या रागावले नाहीत, हसले. माझ्या डोक्यातलं खूळ काढायला म्हणून ते आत गेले आणि माझ्याच बाजेवर आडवे झाले.

भिंत आत कोसळली तेव्हा मी लेकीला पाजत होते. तात्यांना विटांखालून काढलं, तोवर ते गेले होते. पण आवाज झाला तेव्हा सगळ्यात आधी मनात आलं ते एवढंच, की लेक माझ्या मांडीवर आहे. केवढं हायसं वाटलं मला.