मालिकेतला बाप

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका उंच कचेरीत लिफ्टमन आहे, दुपारची पाळी. दिवसभर माणसं वर नेतो, खाली आणतो. "स्वतः मात्र शब्दावरून एक मजला खाली उतरायचे नाहीत," असं वहिनी त्याच्या तोंडावर म्हणायची, आणि तो हसून ताट पुढे ओढायचा.

त्या घरात एक नेम होता. संध्याकाळी मालिका लागायची तेव्हा दादा कामावर. तो येऊन जेवायला बसला की वहिनी त्याला त्या दिवसाचा भाग सांगायची. नुसता सांगायची नाही, करून दाखवायची. बापाचा आवाज जाड, आईचा रडका, नोकराची चाल वेगळी. दादाने ती मालिका डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि सुट्टीच्या दिवशी ती लागत नसे. पण तिच्यातली माणसं त्याला घरच्यांसारखी ठाऊक होती.

त्या मालिकेत म्हणे एक कारखानदार बाप होता. त्याने मुलाला घराबाहेर काढलेलं. पुढे बापाला उमगलं, आपलं चुकलं. तो रोज निघायचा आणि रोज अर्ध्या वाटेवरून परत यायचा. दादा घास हातात धरून ओरडायचा, "अरे जा की लेका! पाय मोडले का तुझे?"

"उद्या जातील बहुतेक," वहिनी म्हणायची आणि त्याला वाढायची.

शेवटी बाप मुलाच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. वहिनीने गोष्ट तिथे थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरता विंचरता ती खाली कोसळली. देवाने जीव ठेवला, वाचा नेली. उजवं अंग लुळं पडलं. ऐकू येतं, कळतं सगळं, पण तोंडून 'अं, अं' एवढंच निघतं.

दादाने तिचं सगळं अंगावर घेतलं. तो कामावर गेला की मी जाऊन बसते. टीव्ही बंदच ठेवते. संध्याकाळी माझा जप असतो. एक दिवस दादा मला म्हणाला, "छबे, तो बाप पोचला का गं मुलाकडे?"

"मी नाही बघत रे."

"मग कुणी सांगायचं मला?" एवढं म्हणून तो मोरीकडे वळला आणि उगाचच बादली विसळत बसला.

तेव्हा त्याने डिश घ्यायचं मनावर घेतलं. केबल होतं घरी, पण त्यावर गेलेला भाग गेलाच. दुकानदाराने दोन कंपन्यांची पत्रकं पुढे टाकली. एकीत चॅनेल भरमसाट, दुसरीच्या डब्यात रेकॉर्डिंगची सोय. आपण नसलो तरी डबा आपला कार्यक्रम धरून ठेवतो, सवडीने बघायचा.

"काका, पहिली घ्या. खेळ आहेत, सिनेमे आहेत."

"मला एकच मालिका बघायचीय."

"एका मालिकेसाठी छत्री?" दुकानदार हसला. "काकूंची भारीच सेवा चाललीय!"

"काकूंची नाही. माझीच," दादा म्हणाला.

गच्चीवर छत्री बसली. रोज लागणारी मालिका आपोआप रेकॉर्ड कशी करायची, रिमोटचं लाल बटण कुठलं, हे दादाने पोरासारखं शिकून घेतलं. वहिनी पलंगावरून बघत होती. तिने डाव्या हाताने त्याची बाही धरली आणि मान हलवली. "खर्चाचं मी बघतो गं, तू पड," म्हणत त्याने तिचा हात हळूच सोडवला.

सकाळी तिचं आवरून दादा टीव्हीपुढे बसायचा. आठवडाभर बसला. कारखानदार कुठेच नाही. दोन बायका हिऱ्यांच्या हारावरून भांडतायत, एक कुणीतरी दुधात विष कालवतेय. दादा दुकानात जाऊन भिडला.

"तुमचा डबा भलतीच मालिका धरतोय."

"नाव तेच आहे ना, काका?"

"नाव तेच. माणसं वेगळी."

"काका, आम्ही मालिका बनवत नाही हो, फक्त दाखवतो."

दादाला ते पटलं नाही. त्या भरमसाट चॅनेलवाल्या कंपनीचाही रेकॉर्डिंगवाला डबा असतो असं कळल्यावर त्याने कंपनीच बदलली. जुनी छत्री उतरली, नवी चढली. जुन्या डब्यातलं रेकॉर्डिंग त्या डब्याबरोबरच गेलं. वहिनीने या वेळी बाही धरली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नव्या डब्यातही तोच हार आणि तेच विष.

मग त्याने मला सकाळीच बोलावून घेतलं. "तू बघ. माझं डोकं चालेना."

मी पाहिलं. म्हटलं, "वहिनी काय सांगायची ते पहिल्यापासून सांग बरं."

दादा सांगू लागला. वहिनीसारखाच जाड आवाज काढून सांगत होता. मुलगा दारात उभा आहे, हातात बॅग आहे, आणि बाप म्हणतो, "या घरातलं तुझं पान उठलं."

हे वाक्य मी त्याच घरात, त्याच दारात ऐकलं होतं. दादाची एकुलती मुलगी नवऱ्याचा मार चुकवून बॅग घेऊन आली, तेव्हा दादा तिला हेच बोलला होता. ती सासरी परत गेलीच नाही. परगावी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली, एवढंच उडत कानावर आलं होतं. त्या दिवसापासून दादाने तिचं नाव घेतलेलं नाही, आणि वहिनीलाही घेऊ दिलं नाही.

मी वहिनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

"दादा," मी म्हटलं, "ही मालिका कुठल्याच डिशवर लागत नाही रे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वहिनीकडे. मग त्याने रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. तो पलंगाच्या कडेला टेकला. "जा की लेका, जा की लेका, मीच ओरडत होतो," एवढंच म्हणाला.

चार दिवसांनी तो लेकीच्या गावाला गेला. परमेश्वराने तेवढं बळ दिलं. धुलाईखान्याच्या फाटकाशी ती ओल्या हातांनी बाहेर आली. पुढचं मला भाचीने सांगितलं.

"आई कधीपासून बोलत नाही?" तिने विचारलं.

दादाने सांगितलं.

"आणि मला आज कळवताय?"

ती वळून आत गेली.

तिने मला फोन केला. "आत्या, मी येईन. रविवारी सुट्टी असते मला. पण ते घरी नसताना."

रविवार दादाच्याही सुट्टीचा. निरोप द्यायला माझी जीभ रेटेना, पण दिला. तो म्हणाला, "बरं." दुसऱ्याच दिवशी त्याने साहेबांकडून रविवारची पहाऱ्याची पाळी मागून घेतली. रविवारी ती कचेरी बंद असते. रिकाम्या इमारतीत हा एकटा स्टुलावर बसून असतो.

भाची येते. आईला न्हाऊ घालते, वेणी घालते, सांगत बसते काहीबाही, आणि उन्हं कलायच्या आत निघते. मग दादा येतो. चपला काढायच्या आधी पलंगाशी वाकतो.

"आली होती?"

'हो' म्हणायचं असलं की वहिनी डोळे मिटते. ती मिटते.

"माझं विचारलं?"

वहिनी त्याच्याकडे बघत राहते. डोळे उघडेच.