कमालभाईंचा हात

जयगडला खाडीकाठी आमची बोटी दुरुस्त करायची शेड आहे. तिथे कमालभाई मुकादम तीस वर्षं वेल्डिंग करत होते. त्यांनी मारलेली शिवण इतकी सरळ असायची, की तिच्यावर रंग मारायचं जिवावर यायचं. वेल्डिंगचं मशीन तीन फेजचं, आत वीज एकाच दिशेने सोडणारे सहा डायोड. मशीनची देखभाल माझ्याकडे होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांची शिवण बिघडली. जाळ मध्येच तुटायचा, लोखंडावर फोड यायचे.

"विनोद, मशीन अडखळताय रे," ते म्हणाले.

मी मीटर लावला. सत्तरच्या जागी अठ्ठावन्न व्होल्ट. आपल्याकडे लाईन कधी पुरी येते? मी सोडून दिलं. त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं तेव्हा मी चारचौघांत खेकसलो, "मशीनला काय धाड भरलीय? तुमचाच हात कापतोय आता!"

साठीचा माणूस. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, होल्डर खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे थांबले. नव्या वेल्डरबरोबर नवं मशीन आलं, जुनं कोपऱ्यात गेलं.

यंदा मी हौसेने विजेची लाट पडद्यावर दाखवणारा छोटा ऑसिलोस्कोप घेतला. खंडेनवमीला हत्यारांना फुलं वाहून झाल्यावर सहज जुन्या मशीनला लावला. खरं तर पडद्यावर एका फेऱ्यात सहा बुटके उंचवटे दिसायला हवेत, एकमेकांना चिकटून. मला चारच दिसले, आणि पुढे थेट शून्यापर्यंत खड्डा. एक डायोड मेला होता; एक मेला की दोन उंचवटे जातात. मीटर सगळ्याची सरासरी दाखवतो, त्याला खड्डा कळत नाही. कमालभाईंना तो हाताला कळला होता. मी गाढव मीटरवर विसंबलो.

तसाच त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

"मंग माजा हात?"

"हात बरा होता, भाई. चूक माझी."

सईदाभाभींनी चहा आणला. माझा कप काठोकाठ, भाईंचा अर्धा. "ह्यांचो हात कापता ना, सांडतील म्हणून," भाभी म्हणाल्या.

"पुरा भर," कमालभाई म्हणाले. भरलेला कप त्यांनी एका हाताने उचलून संपवला. बशीत थेंब नव्हता.

मी म्हटलं, "उद्यापासून या, भाई. पाया पडतो."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. वर्षभरापूर्वी काचबिंदू झाला, आता समोरचं माणूसही धड दिसत नाही, असं ते सांगत होते. आवाजात राग नव्हता.

"डोळे होते तेवां मी नुसता हात बघीत बसलो रे."